मापे विचारून घ्या

कोजागरीचे दूध आटवून दोन दिवस झाले नाहीत, तोच मनमाडच्या बाजारात दिवाळी उतरली आहे. रस्त्याच्या कडेला पणत्यांचे ढीग आहेत, दोऱ्यांवर आकाशकंदील लटकले आहेत, आणि मिठाईच्या दुकानांपुढे चकचकीत कागदात गुंडाळलेल्या भेटींच्या खोक्यांचे मनोरे उभे राहिले आहेत. या खोक्यांचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. साहेबांकडे आलेला सुक्या मेव्याचा डबा व्याह्यांकडे जातो, व्याह्यांकडचा डॉक्टरांकडे, आणि सोनपापडीचा एखादा डबा चार घरे फिरून पुन्हा पहिल्याच दारात येऊन उभा राहतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांच्याशी कामापुरता संबंध, त्यांना कामापुरती भेट, हे रीतीला धरूनच आहे. पण भाऊबीज जेमतेम पंधरवड्यावर आली असताना भाच्याला काय, सुनेला काय, नातवाला काय, आईला काय, या प्रश्नांची उत्तरेही आपण त्याच मनोऱ्यातून काढू लागलो आहोत. तेथे दोन शब्द बोलणे भाग आहे.

घरच्या माणसाला घरी केलेली वस्तू द्यावी, असे आम्हांला वाटते. त्यासाठी नेहमी जे कारण पुढे केले जाते, म्हणजे माया, जिव्हाळा, प्रेमाची ऊब वगैरे, ते मात्र आम्हांला पटत नाही. पहिल्या पगारातून मुलाने आईसाठी विकत आणलेल्या साडीत माया नसते, असे म्हणायची कोणाची छाती आहे? आणि वर्षानुवर्षे सासूच्या धाकाने भरलेल्या उशांच्या अभ्र्यांत ती ओतप्रोत भरलेली असते, असेही नाही. हाताने केलेल्या भेटीची बाजू मांडायची तर एक साधी, रोकडी गोष्ट पुरते. ती करायला घेण्यापूर्वी त्या माणसाचे माप घ्यावे लागते. खोके घेताना फक्त किंमत पाहावी लागते.

मनमाडला विणकाम-भरतकामाचे गाव म्हणून कोणी ओळखत नाही. मुंबई, भुसावळ, दौंड, नांदेड अशा चार दिशांना रूळ फुटणारे जंक्शन, अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे, पुलांचे गर्डर घडवणारा रेल्वेचा कारखाना, गुप्तसर साहिब गुरुद्वारा, आणि पाणीटंचाई, ही गावाची ओळख. परंतु गाव रेल्वेचे असल्यामुळेच येथे सुया आणि लोकर टिकली, असे आमचे मत आहे. दिवाळी सरली की अंकाई-टंकाईच्या बाजूने जो वारा सुटतो, तो पहाटेच्या ड्यूटीवर जाणाऱ्याच्या थेट हाडापर्यंत पोचतो. गाडीवर गेलेला माणूस कधी परतेल याचा नेम नसायचा. कॉलबॉय अपरात्री दारावर थाप मारायचा, डबा भरून माणूस निघून जायचा, आणि मग झोपमोड झालेली घरातली बाई दिव्याखाली विणायला बसायची. रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतींना एकमेकींचे सगळे ऐकू येते. एकीच्या घरी नवा नमुना आला की आठवड्यात तो साऱ्या चाळीत पसरे.

बदल्यांमुळे हे नमुने दूरदूर हिंडले. लोकर लुधियानाची. ओसवाल आणि वर्धमान ही नावे महाराष्ट्रातल्या कोणत्याही लोकरीच्या दुकानात ऐकू येतात आणि दोन्ही तिथलीच. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडवरून जाते आणि लुधियानावरूनही. या गाडीने लोकर आली नसेल, पण तिच्या वाटेवरची माणसे येथे आली, राहिली, शेजारी झाली. पंजाबी शेजारणीकडून सुयांवरची केबल, दक्षिणेकडच्या बाईकडून क्रोशाची जाळी, ख्रिस्ती घरातून नाताळच्या सुमारास होणारी बाळमोज्यांची जोडी, आणि त्यांना आपल्याकडून चकलीच्या भाजणीचे प्रमाण, असा व्यवहार चाले. बदलीची ऑर्डर निघाली की सामान बांधायच्या आधी वही उतरवून घेण्याची घाई होई.

अशा वह्या आजही गावातल्या पुष्कळ घरांतून निघतील. शंभर-दोनशे पानी, कोपरे दुमडलेल्या, एखाद्या पानाला लोकरीचा तुकडा टाचणीने टोचलेला. आत ‘१२ नं. सुया, ८० टाके, २ सु. २ उ., ३ इंच. नंतर १० नं.’ असा मजकूर असतो. सु. म्हणजे सुलट, उ. म्हणजे उलट, हे सांगायची गरज नसते. तीन इंच झाले की किनार पुरी झाली, मग जाड सुई घ्यायची, मुंढ्याजवळ टाके बंद करायचे, गळ्याला टाके उचलायचे. एवढे सगळे अर्ध्या पानात बसवलेले असते. ही भाषा इतकी आटोपशीर आहे की कारखान्यातल्या ड्रॉइंगला तिने हेवा करायला लावावे. नवरा कारखान्यात गर्डरच्या प्लेटवर ड्रॉइंगप्रमाणे भोकांच्या खुणा करतो आणि बायको घरी वहीतल्या खुणांवरून पाठ, पोट, बाह्या काढते. दोघेही कागदावरच्या आकड्यांतून वस्तू उभी करतात. फक्त पगार एकालाच मिळतो. त्याबद्दल पुढे बोलू.

या वह्यांत खरे वाचण्यासारखे असते ते समासात. नमुना निळ्या शाईत नीट उतरवलेला, आणि शेजारी घाईघाईत पेन्सिलीने: ‘मोठ्याला घट्ट झाला, ८८ घ्यावे.’ ‘गळा डोक्यातून जात नाही.’ ‘हिचे हात लांब आहेत, बाहीला दीड इंच जास्त.’ नमुना कोणाचाही असो, समास त्या घरचा असतो. कोणाचे खांदे उतरते आहेत, कोण गेल्या वर्षी एकदम वाढला, कोणाला गळ्याशी लोकर टोचते, याची नोंद दुसऱ्या कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

भरतकामाच्या नमुन्याची गोष्ट आणखी गमतीची. मासिकातले किंवा मैत्रिणीच्या टेबलक्लॉथवरचे फूल आधी ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे. मग घडी घातलेल्या चादरीवर कागद ठेवून रेषेरेषेने सुईची बारीक भोके पाडायची. भोके जवळजवळ पडली पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. कागद उलटा करून त्यावर बोट फिरवले की खरखर लागते आणि एखाद्या पाकळीवर भोके राहून गेली असतील तर ती तिथे कळते. नंतर थोड्या रॉकेलमध्ये नीळ कालवायची, कापसाचा बोळा बुडवून घट्ट पिळायचा आणि कापडावर अंथरलेल्या कागदावरून एका दिशेने फिरवायचा. रॉकेल जास्त झाले तर निळे डाग पसरतात आणि वास चार दिवस जात नाही, कमी झाले तर अर्धे फूल उमटतच नाही. गडद कापड असले तर निळीच्या जागी पांढरी पूड. कागद मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून तो गुंडाळून गादीखाली ठेवायचा. रेशनचे रॉकेल जवळपास संपले आणि त्याबरोबर ही युक्तीही दुर्मीळ झाली. कार्बन पेपरने काम होते, पण त्याचे डाग बोटांना लागतात आणि बोटांवरून पुन्हा कापडाला. जुन्या बायका अजून त्यावर नाक मुरडतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

नमुना छापून विकायची कल्पना काही आपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधल्या छापखानदारांनी चौकटीच्या कागदावर नक्षी छापून, हाताने रंगवून विकायला काढली. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्यांना चित्र काढता येत नव्हते त्यांनाही गुलाब आणि पोपट भरता येऊ लागले. आपल्याकडे जुन्या दिवाणखान्यांत काचेच्या फ्रेममध्ये जे भरलेले पोपट आणि ‘सुस्वागतम्’ दिसतात, त्यांच्या वंशावळीत कुठेतरी हे बर्लिनचे कागद आहेत. त्या पोपटांना माप लागत नव्हते. फ्रेम केवढीही चालते. कपड्याचे तसे नाही. अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याचे नाव शिवणाच्या इतिहासात राहिले ते त्यामुळेच. घरी शिवायचे कागदी नमुने त्याच्या आधीही मिळत, पण एकाच मापाचे. ते आपल्या मुलाला बसवायचे कसे, हे ज्याचे त्याने पाहावे. बटरिकने १८६३ मध्ये एकच कपडा निरनिराळ्या मापांत कापलेले नमुने विकायला आणले आणि धंदा अफाट वाढला. मुलाच्या कपड्याला बसणारा नमुना मिळत नाही, ही त्याच्या बायकोची कुरकुर त्यामागे होती असे सांगतात. कोणत्याही घरात ऐकू येणारी कुरकुर.

मराठीत हे काम मासिकांनी केले. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ १९३० मध्ये निघाले, आणि पुढे स्त्रियांसाठी निघालेल्या मासिकांच्या पानांतून पाककृतींच्या शेजारी विणकाम, क्रोशा, शिवण हे ओघानेच आले. शिवणाचे वर्ग त्याआधीचे. पुण्याचे सेवासदन १९०९ चे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ते उभे केले तेव्हा शिवण-भरतकाम हा फावल्या वेळचा छंद म्हणून शिकवायचा, असा त्यांचा विचार नव्हता. विधवा, परित्यक्ता, गरीब घरची बाई स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवील, हा हेतू होता. हे मुद्दाम सांगायचे, कारण पुढे या कलेचे आपण जे केले ते बरोबर उलटे आहे.

त्याकडे येण्याआधी मापाचा धागा पुरा करू. मापाशिवाय भेट करता येते का? येते. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणल्या. त्याआधी पहिल्या महायुद्धात अमेरिकेत रेड क्रॉसने सैनिकांच्या मोज्यांचे नमुनेच छापून वाटले होते. न पाहिलेल्या माणसासाठी विणायचे तर माप सरासरीच धरावे लागते, आणि ती सरासरी छापील नमुना पुरवतो. हे कामही थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तेथे नमुन्याचा शब्द शेवटचा असतो. घरात तो पहिला असतो.

दुसरे उदाहरण बाळंतविड्याचे. बाळ अजून जन्मायचे आहे, म्हणजे माप कोणालाच ठाऊक नाही. यावर आपल्या आज्या-पणज्यांनी काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. झबल्याला बटणे नाहीत, बंद असतात. बाळ अंगाने भरले की बंद सैल बांधायचे. कुंची मागे मोकळी. दुपटे चौकोनी, त्याला मापच नाही. लंगोट त्रिकोणी, गाठ मारायची. कापड जुन्या धोतराचे किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे. पाळण्यावर टांगायचे चिमणाळेही चिंध्यांचे. ज्या माणसाबद्दल अजून काहीच माहीत नाही त्याच्यासाठी कपडा करायचा असेल तर कपड्यानेच जागा सोडली पाहिजे, एवढे शहाणपण या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शिवणात आहे. आजचे तान्ह्या बाळांचे महागडे सेट बघावेत. तीन महिन्यांचे लेबल लावलेला कपडा पाच आठवड्यांत आखूड होतो.

आता नातवंडे मनमाडात नाहीत. पंचवटी एक्सप्रेस १९७५ मध्ये सुरू झाली तेव्हा मनमाडचा माणूस सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी परतू लागला. पुढची पिढी परतली नाही. कोणी पुण्यात, कोणी बंगळूरात, कोणी न्यू जर्सीत. आजीला नातू दिसतो तो फोनच्या पडद्यावर, तोही अर्धा, कारण तो एका जागी बसत नाही. स्वेटर विणायचा तर माप हवे, आणि माप मागितले की सून म्हणते, ‘आई, चार वर्षांच्या मुलाचे घ्या ना अंदाजाने.’ चार वर्षांचे मूल म्हणून काही माप नसते. आजी मग हट्टाने मोजपट्टी आणायला लावते. मुलगा पोट फुगवून उभा राहतो, सून पट्टी धरते, मुलाचा बाप फोन धरतो, आणि आजी मनमाडहून ओरडते, ‘काखेखालून घे, काखेखालून.’ छाती चोवीस, खांद्यापासून मनगट अमुक, डोक्याचा घेर एकवीस. सहा महिन्यांत तिघेजण त्या मुलाकडे इतके नीट बघत नाहीत. स्वेटर पोचतो तेव्हा कदाचित तिकडे ऊन असेल, मुलाला तो टोचेल, आणि त्याला कार्टूनवाला टी-शर्टच हवा असेल. तरी मापे घेतली गेली, ती गेली.

मूल वाढले की स्वेटर उसवायचा, हाही मनमाडच्या घरांचा जुना शिरस्ता. बंद केलेल्या टाक्याचे टोक एकदा सापडले की लोकर सरसर सुटते. ती पाटाभोवती किंवा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिच्या लडी करायच्या, कोमट पाण्यात धुवायच्या, खाली वजन लावून वाळवायच्या, म्हणजे तिच्या कुरळ्या निघतात. वर्षानुवर्षे नळाला आठवड्या-पंधरवड्याने पाणी आलेल्या गावात लोकर धुण्याचा मुहूर्त नगरपालिकेच्या पाण्याच्या पाळीवर ठरे, हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. थोरल्याची लोकर धाकट्याला, त्यात दुसऱ्या रंगाच्या दोन पट्ट्या घातल्या की नवा स्वेटर. धाकटा कुरकुरायचा आणि तो रास्तच कुरकुरायचा. हाताने केले म्हणजे घेणाऱ्याला आवडलेच पाहिजे, असा कायदा नाही.

आता त्या न मिळालेल्या पगाराबद्दल. मनमाडपासून पंचवीसएक किलोमीटरवर येवला आहे. तेथे पैठणीच्या मागावर बसलेला कारागीर छोट्या छोट्या कांड्यांवरचे रंगीत रेशीम उभ्या धाग्यांतून ओवत पदरावरचा मोर काढतो. पदर भरगच्च असेल तर एका पैठणीला महिनोन्‌महिने लागतात, आणि ग्राहक दुकानात विचारतो तेव्हा किमतीचे कारण म्हणून तेच दिवस मोजून सांगितले जातात. ते योग्यच आहे, कारागिराच्या वाट्याला त्यातले किती येते हा प्रश्न वेगळा. त्याच तालुक्याच्या शेजारी, मनमाडच्या घरात बाई मोठ्या माणसाचा स्वेटर विणते. अर्धा-पाऊण किलो लोकर, हजारो टाके, रोजची कामे उरकून उरलेले तास. त्याची किंमत विचारली तर लोकरीचा भाव सांगितला जातो. वर एक वाक्य येते, ‘तुम्हांला काय, वेळ असतो.’ वेळ असतो म्हणजे काय? स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचे औषध या सगळ्यांतून तो काढलेला असतो. सेवासदनाने जे हुन्नर कमाईसाठी शिकवले, ते आपण घरात आणून फुकट केले आणि वर त्याला माया असे नाव दिले. ओळखीच्या बाईकडून क्रोशाचे तोरण ‘लोकरीच्या पैशांत’ करून मागणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की साखळी घाला, मुका खांब घाला, खांब घाला, असे करत चार फुटी दाराचे तोरण पुरे व्हायला कित्येक संध्याकाळी जातात. बचत गटाच्या टेबलावर त्याची जी किंमत लिहिली असेल ती द्यावी, घासाघीस करू नये. आणि घरच्या बाईने विणले असेल तर ते पेटीत न ठेवता वापरावे.

याला जोडूनच दुसरी तक्रार. हे काम बायकांचे, असे कोणी ठरवले? वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली, तेव्हा हाताचे काम मुलामुलींनी दोघांनी शिकावे, असाच आग्रह होता. पुढची काही वर्षे टकळीवर सूत मुलगेही कातत. शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासात त्यातले पुसट काहीतरी उरले, पण बहुतेक ठिकाणी मुलींनी रुमालाला किनार शिवायची आणि मुलांनी पुठ्ठ्याचे घर करायचे, अशी वाटणी झाली. आकाशकंदील मात्र घरोघरी मुलगे आणि बाप करतात. कामट्या ताशीव नसल्या तर एक बाजू वाकडी होते, खळ पातळ असली तर कागद सुरकुततो, हे त्यांना बरोबर कळते. चौकोनी कंदिलाला करंज्या लावताना माप चुकले तर मुलगा पुन्हा सगळे सोडवून बांधतो. त्याच मुलाला दोन सुया आणि लोकरीचा गुंडा दिला तर तो महिन्याभरात मफलर विणील. मफलरला तर सुलट टाक्याखेरीज काही यावे लागत नाही. मग या दिवाळीत बहिणीने भावाला, आणि भावाने बहिणीलाही, असे का होऊ नये? ओवाळणीच्या ताटातली नोट काही कोणी काढून घेत नाही, ती राहू द्या.

नमुन्यांची आज टंचाई नाही. यूट्यूबवर मराठीत सांगणाऱ्या बायका आहेत. टाका कसा पडतो ते थांबवून, मागे घेऊन दहादा बघता येते. वहीच्या काळात ही चैन नव्हती. दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. कोणी स्वतः आखलेला नमुना पैसे घेऊन विकत असेल तर तो विकतच घ्यावा, व्हॉट्सॲपच्या गटात फुकट फिरवू नये. आराखडा काढणे हेही कामच आहे. आणि सुंदर चित्र दिसले म्हणून भुलू नये. हल्ली यंत्राने रचलेली क्रोशाच्या बाहुल्यांची, स्वेटरांची चित्रे नमुना म्हणून विकली जातात. त्यांतले कित्येक टाके कोणत्याच सुईवर पडू शकत नाहीत. पैसे देण्याआधी एखाद्या जाणत्या बाईला चित्र दाखवावे, ती दोन मिनिटांत सांगेल.

नमुना मनासारखा मिळाला तरी तो जसाच्या तसा करायला घेणे ही नवशिक्यांची सार्वत्रिक चूक. आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, हाताच्या तळव्याएवढा तुकडा विणावा आणि इंचात किती टाके बसतात ते मोजावे. नमुन्यात इंचाला सहा टाके धरले असतील आणि तुमचा हात सैल असल्याने पाचच बसत असतील, तर चौदा इंचांची पाठ जवळपास सतरा इंच होईल. तो स्वेटर भाच्याऐवजी मेहुण्याला द्यावा लागेल.

भाऊबीजेपर्यंतचे दिवस थोडे आहेत, म्हणून हिशेबाने ठरवावे. मोठ्या माणसाचा पूर्ण स्वेटर आता सुरू करू नये. अर्धवट पाठ कपाटात जाईल आणि पुढच्या दिवाळीला कसर लागलेली निघेल. कानटोपी होईल, जाड लोकरीची असेल तर तीन-चार संध्याकाळींत. तान्ह्याचे मोजे होतील. पूजेच्या ताटावरचा क्रोशाचा रुमाल होईल. वडिलांच्या पांढऱ्या रुमालाच्या कोपऱ्यात गहू टाक्याने नावाचे अक्षर एका दुपारी होईल, आणि ते दुपारभराचे काम ते रोज खिशात बाळगतील. स्वेटरच करायचा असेल तर लहान मुलाचा करावा आणि संक्रांतीला द्यावा. मनमाडला खरी थंडी तेव्हाच असते, आणि बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याबरोबर तो शोभेलही.

ज्यांना विणता येते त्यांनी आज संध्याकाळीच फोन करून मापे विचारून घ्यावीत: डोक्याचा घेर, छाती, बाहीची लांबी. आणि ज्यांना असा फोन येईल त्यांनी ‘काहीही चालेल’ म्हणून तो ठेवू नये. उठावे, मोजपट्टी शोधावी आणि आकडे इंचांत कळवावेत.